टर्बो इंजिनांच्या पिढ्या कशा ताडून पाहाव्यात

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत इंजिनांचे ओतीव भाग, पिस्टन आणि बेअरिंगे तयार होतात, शिवाजी उद्यमनगरात इंजिने उघडली आणि दुरुस्त केली जातात, त्यामुळे इंजिनाच्या पोटात काय आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोय कोल्हापूरकरांना इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे. तरीही टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबणारा पंप, असलेल्या जुन्या आणि नव्या इंजिनांची तुलना निघाली की चर्चा बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यावर येऊन थांबते, किंवा जुने बीडाचे होते म्हणून टिकाऊ आणि नवे ॲल्युमिनियमचे आहे म्हणून नाजूक, अशा ठोकळ निष्कर्षावर संपते. रचनेतील प्रत्येक मोठा बदल हा कोणत्या तरी मर्यादेवर काढलेला मार्ग असतो. ती मर्यादा उष्णतेची असेल, नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांची असेल, प्रतिसादाच्या विलंबाची, धुरातील प्रदूषकांची किंवा उत्पादनखर्चाची असेल. काय बदलले हे नोंदवावे आणि ते कोणत्या मर्यादेमुळे बदलावे लागले हे शोधावे, एवढीच ही पद्धत आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गॅरेजमध्ये काम करणारे तरुण आणि जुनी गाडी घेण्यापूर्वी तिचे इंजिन समजून घेऊ इच्छिणारे, अशा सर्वांसाठी ती येथे क्रमाने मांडली आहे.

आधी इंजिनाची ओळख

बाजारातील नावावरून तुलना सुरू करू नये. टीएसआय, एमहॉक, मल्टिजेट ही नावे एकेका इंजिनाची नसून कुटुंबांची आहेत आणि एकाच नावाखाली रचनेने अगदी भिन्न इंजिने विकली गेली आहेत. भारतात २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये ईए १११ कुटुंबातील १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. २०२० पासून पोलोमध्ये ईए २११ कुटुंबातील १ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन बसू लागले, पण टीएसआय हे नाव कायम राहिले. म्हणून वहीत पहिली नोंद इंजिन कोडची असावी. तो ब्लॉकवर कोरलेला असतो, आणि अनेक कंपन्यांच्या बाबतीत आरसी बुकातील इंजिन क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे त्याच्याशी जुळतात.

दुसरी नोंद उत्पादनाच्या महिन्याची आणि प्रदूषण मानकाची असावी. बीएस ४ हे मानक देशभर एप्रिल २०१७ पासून लागू झाले, बीएस ६ एप्रिल २०२० पासून, आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन तपासणारा त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ पासून. या तारखांच्या आसपास इंजिनांत झालेले बदल शक्तीसाठी केलेले नसण्याची शक्यता मोठी असते. ही नोंद नसेल, तर धुराच्या नियमासाठी बसवलेल्या भागाचे श्रेय किंवा दोष आपण भलत्याच कारणाला देऊन बसतो.

जोडी निवडताना

तुलनेसाठी अशी दोन इंजिने घ्यावीत की ज्यांत शक्य तितक्या कमी गोष्टी बदलल्या आहेत. एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, लागोपाठच्या काळातील जोडी सर्वांत बोलकी असते. महिंद्राचे १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तेच १,१९७ सीसीचे इंजिन आधी इनटेक पोर्टमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत) इंधन फवारणाऱ्या आणि नंतर थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या रूपात मिळाले. क्षमता बदलली असेल पण गाडी आणि काम तेच असेल, तर ती दुसऱ्या प्रतीची जोडी समजावी. टोयोटाची जुनी इनोव्हा आणि इनोव्हा क्रिस्टा ही तशी जोडी आहे. पन्नास वर्षांच्या अंतरावरील दोन इंजिने शेजारी ठेवणे हा इतिहासाचा अभ्यास होतो. त्याचा उपयोग आहेच, पण एखाद्या विशिष्ट बदलाचा परिणाम किती हे त्यातून कळत नाही.

तक्ता आणि हिशेब

कागदावर दोन उभे रकाने आखावेत आणि आडव्या ओळींत सिलिंडरचा बोअर (व्यास), स्ट्रोक (पिस्टनच्या एका धावेचे अंतर), क्षमता, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधील वायू किती पट दाबला जातो ते प्रमाण), कमाल टॉर्क आणि तो मिनिटाला होणाऱ्या ज्या फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो ते आकडे, कमाल शक्ती, इंधन फवारणीची पद्धत, टर्बोचा प्रकार, इंटरकूलरचा (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) प्रकार आणि त्याची जागा, ब्लॉकचा धातू, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी की पट्टा, हे लिहावे. शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडे घ्यावेत. जाहिरातीतील आकडे घ्यायचे झाल्यास दोन्ही बाजूंना जाहिरातीतीलच घ्यावेत.

यानंतर एक हिशेब अवश्य करावा. कमाल टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घेऊन त्याला लिटरमधील क्षमतेने भागावे आणि येणाऱ्या उत्तराला ०.१२५७ ने गुणावे. चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी हे उत्तर बार या एककात मिळते आणि त्याला सरासरी परिणामी दाब म्हणतात. पिस्टनवर काम करणारा दाब किती, याचे हे माप क्षमतेच्या फरकापासून मुक्त असते, म्हणूनच पिढ्यांच्या तुलनेत मला ते अश्वशक्तीपेक्षा कितीतरी अधिक विश्वासाचे वाटते. टर्बो नसलेले आजचे चांगले पेट्रोल इंजिन साधारण ११ ते १२.५ बारपर्यंत जाते, हा आकडा मोजपट्टी म्हणून लक्षात ठेवावा.

आता जुन्या इनोव्हाचे २केडी-एफटीव्ही इंजिन घेऊ. क्षमता २,४९४ सीसी, टॉर्क २०० न्यूटन मीटर. म्हणजे सरासरी परिणामी दाब सुमारे १०.१ बार. क्रिस्टातील २जीडी-एफटीव्ही इंजिनाची क्षमता २,३९३ सीसी आणि मॅन्युअल गाडीत टॉर्क ३४३ न्यूटन मीटर. म्हणजे सुमारे १८ बार. बोअर दोन्हींत ९२ मिमीच आहे, स्ट्रोक ९३.८ वरून ९० मिमीवर आला आहे. इंजिन लहान झाले आणि पिस्टनवरील दाब पाऊणपटीहून अधिक वाढला. शक्ती १०२ पीएसवरून (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) १५० पीएसवर गेली, पण जुन्या इंजिनाची कमाल शक्ती ३,६०० फेऱ्यांना मिळत होती आणि नव्याची ३,४०० फेऱ्यांना, म्हणजे ही वाढ वेगाने फिरवून मिळवलेली नाही, ती दाबातून आली आहे. एवढे कळले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: हा वाढलेला दाब पिस्टन, बेअरिंगे, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यातील सांधा बंद ठेवणारा थर) आणि टर्बो यांनी कसा सोसला? तुलना खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

क्षमता वाढलेली असेल तर तिचा वाटा आधी वेगळा काढावा. पोर्शे ९११ टर्बोच्या १९७५ च्या ३ लिटर इंजिनातून २६० पीएस मिळत होते. १९७८ मध्ये क्षमता ३.३ लिटर झाली, इंटरकूलर आला, कॉम्प्रेशन रेशो ६.५ वरून ७ झाला आणि शक्ती ३०० पीएस झाली. क्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती, आणि केवळ त्या प्रमाणात शक्ती वाढली असती तरी ती २८६ पीएसच्या आसपास गेली असती. म्हणजे वाढलेल्या ४० पैकी सुमारे २६ पीएस आकारमानाचे आणि उरलेले १४ च्या आसपास इंटरकूलरसह इतर बदलांचे, असा ढोबळ पण उपयोगी निष्कर्ष निघतो. सरासरी परिणामी दाबही हेच सांगतो, कारण तो १४.४ बारवरून १५.७ बारवर गेला.

नव्या पिढीत आकडे कमी झालेले दिसले तर गोंधळून जाऊ नये. २०१७ च्या स्कॉर्पिओच्या वरच्या मॉडेलमध्ये १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटर होते. २०२२ च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये १३२ पीएस आणि ३०० न्यूटन मीटर आहेत. कागदावर ही पीछेहाट वाटते. पण दरम्यान इंजिन ॲल्युमिनियमचे झाले आणि कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ५५ किलोने हलके झाले. त्या पिढीने वजन आणि इंधनबचत यांचा प्रश्न हाती घेतला होता, आणि तिची परीक्षा त्याच प्रश्नावर व्हायला हवी.

उघडलेले इंजिन पाहताना

कागदावरचा हिशेब झाल्यावर इंजिन उघडलेले पाहावे. बोअरिंगच्या किंवा हेडच्या कामासाठी इंजिन खोललेले असते तेव्हा मेस्त्रींची परवानगी घेऊन, काम अडणार नाही अशा वेळी, व्हर्नियर आणि लहान डिजिटल काटा सोबत घेऊन जावे. भागांना हात लावण्यापूर्वी त्यांचा क्रम बिघडणार नाही याची खात्री करावी, कारण पिस्टन आणि बेअरिंगे ज्या सिलिंडरची त्याच सिलिंडरला परत जायची असतात.

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग प्रथम पाहावा. सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा वरून पूर्ण उघडी आहे, काही ठिकाणी पुलासारखी जोडलेली आहे, की केवळ लहान छिद्रे ठेवून बंद केलेली आहे, यावरून रचनाकाराने किती दाब गृहीत धरला होता हे समजते. उघडी रचना ओतायला सोपी असते आणि सिलिंडरचा वरचा भाग चांगला थंड ठेवते. बंद रचना सिलिंडरला वरून आधार देते, पण तिच्यासाठी साच्यात पोकळी घडवणारे वाळूचे कोअर बसवावे लागतात. बीडाचा ब्लॉक म्हणजे जुनाट, असा समज करून घेऊ नये. फोक्सवॅगन समूहाचे ईए ८८८ इंजिन पिढ्या बदलूनही बीडाचेच राहिले. तिसऱ्या पिढीत त्याच्या भिंतींची जाडी ३.५ मिमीवरून ३ मिमीच्या आसपास आणून वजन कमी करण्यात आले. इतक्या पातळ भिंतीचे बीड सातत्याने, छिद्राशिवाय ओतणे किती अवघड असते, हे शिरोलीतील कोणत्याही फौंड्रीतील माणूस सांगू शकेल. मर्सिडीजने उलट वाट धरली. तिच्या २.१ लिटरच्या ओएम ६५१ या डिझेल इंजिनाचा ब्लॉक बीडाचा होता, आणि २०१६ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ओएम ६५४ मध्ये ॲल्युमिनियमच्या ब्लॉकात पोलादी पिस्टन बसवण्यात आले. पोलाद तापल्यावर ॲल्युमिनियमपेक्षा कमी प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन गरम झाल्यावर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट वाढते आणि घर्षण घटते. दोन कंपन्यांनी एकाच प्रश्नाला दोन भिन्न धातूंतून उत्तरे शोधली, म्हणून धातूचे नाव वाचून पिढीचा दर्जा ठरवता येत नाही.

पिस्टनवर सर्वाधिक वेळ द्यावा. माथ्यापासून पहिल्या रिंगेच्या खाचेपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर कमी असेल तर त्या फटीत अडकून न जळणारे इंधन घटते, पण पहिली रिंग आगीच्या अधिक जवळ जाते आणि तिच्यावरील उष्णतेचा भार वाढतो. डिझेल पिस्टनमध्ये पहिल्या रिंगेच्या खाचेत वेगळ्या रंगाचे कडे ओतलेले दिसेल. ते निकेलयुक्त बीडाचे असते आणि ॲल्युमिनियमची खाच झिजू नये म्हणून ओतकामाच्या वेळीच बसवलेले असते. पिस्टनला खालून पाहिल्यास एक किंवा दोन गोल छिद्रे आढळली, तर माथ्याच्या आत तेलाने थंड करणारी पोकळ वाहिनी आहे असे समजावे. ती पोकळी मिठाच्या कोअरने तयार केली जाते आणि ओतकामानंतर मीठ पाण्याने विरघळवून काढले जाते. जुन्या पिढीत वाहिनी नाही आणि नव्या पिढीत आहे, असे दिसले की सरासरी परिणामी दाबाच्या वाढीचा ठोस पुरावा हाती आला असे मानण्यास हरकत नाही. पिस्टन, पिन आणि रिंगा यांचे एकत्रित वजन आणि पिनचा व्यास हे दोन आकडेही लिहून घ्यावेत. दाब वाढूनही वजन वाढले नसेल, तर धातू नेमका कोठून काढला आणि कोठे घातला हे शोधण्यासारखे असते.

हेड गॅस्केट हातात घेऊन पाहावे. जुन्या इंजिनांत दाबले जाणारे मिश्र पदार्थाचे गॅस्केट सापडेल, तर नव्या इंजिनांत पोलादाच्या अनेक पातळ थरांचे. थरांच्या गॅस्केटला हेड आणि ब्लॉक यांचे पृष्ठभाग फार सपाट आणि गुळगुळीत लागतात, त्यामुळे फेसिंगच्या कामाची पद्धतही त्या पिढीबरोबर बदलली.

टर्बो काढलेला मिळाला तर कॉम्प्रेसर (हवा दाबणारे) आणि टर्बाइन (धुराने फिरणारे) या दोन्ही चाकांचे व्यास मोजावेत. एकाच घडणीच्या आणि धातूच्या चाकांमध्ये जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. व्यास १० टक्क्यांनी कमी झाला, तर जडत्व सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. लहान टर्बो लवकर का फिरू लागतो, याचे हे साधे कारण आहे. टर्बाइनच्या घरात हलणाऱ्या पात्यांचे कडे असेल, तर तो बदलत्या भूमितीचा टर्बो असतो. डिझेल इंजिनांत तो कधीच रुळला, पण पेट्रोलच्या धुराचे तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे पाती टिकवणे अवघड होते आणि पेट्रोल गाड्यांत तो फार थोड्या ठिकाणी आला. २००६ ची ९११ टर्बो हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. टर्बाइनच्या घराचा धातूही तापमानाप्रमाणे बदलतो. डिझेलसाठी सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम घातलेले एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचे बीड) पुरते, तर जास्त तापणाऱ्या पेट्रोल इंजिनांसाठी निकेलचे प्रमाण मोठे असलेले ओतीव किंवा उष्णतारोधक पोलाद वापरावे लागते.

वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, कोण हलवतो हेही पाहावे. दाबाच्या नळीवर चालणारा डबा, नंतर इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हने नियंत्रित केलेला डबा, आणि त्यानंतर विजेची मोटर, असा सर्वसाधारण क्रम आहे. याचा परिणाम घाटात कसा मोजता येतो हे पुढे येईल.

कॉम्प्रेशन रेशोच्या दोन उलट वाटा

तक्त्यातील ही एक ओळ वेगळी वाचावी लागते, कारण पेट्रोल आणि डिझेल इंजिनांत ती विरुद्ध दिशांनी सरकली आहे, आणि संपूर्ण विषयात मला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो पेट्रोल गाडी १०.२५ कॉम्प्रेशन रेशो घेऊन आली आणि नॉकिंग रोखण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागत असे. मिश्रणाची टाकी मालकाने भरत राहणे आवश्यक होते, आणि ही व्यवस्था फार काळ चालली नाही. पुढच्या पिढीने सोपा मार्ग घेतला आणि रेशोच खाली आणला; ९११ टर्बोचा ६.५ हा त्याचाच नमुना. नॉकिंग थांबले, पण टर्बो फिरू लागेपर्यंत इंजिन निर्जीव वाटू लागले आणि इंधन अधिक जळू लागले. त्यानंतर साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉकिंग ऐकणारा सेन्सर वापरून बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, नियंत्रित केला, इंटरकूलर सर्वत्र आले, फवारणी थेट सिलिंडरमध्ये होऊ लागली, आणि रेशो पुन्हा १० च्या वर गेला.

डिझेलमध्ये थंड इंजिन सुरू व्हावे म्हणून रेशो मोठा ठेवावा लागत होता. उच्च दाबाचे इंधन साठवणाऱ्या कॉमन रेल नळीमुळे एकाच चक्रात अनेक लहान फवारण्या करता येऊ लागल्या, थंड सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग सुधारले आणि ती अडचण ओसरली. रेशो कमी केला की ज्वलनाचे कमाल तापमान आणि दाब घटतात, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात आणि बूस्ट वाढवायला जागा मिळते. इनोव्हाच्या जोडीत हा आकडा १८ च्या आसपासून १५.६ वर आलेला दिसतो. डिझेल इंजिनाचा कमी झालेला रेशो पाहून ते दुबळे झाले असे जर कोणी म्हटले, तर त्याला दोन्ही इंजिनांचे टॉर्कचे आकडे शेजारी ठेवून दाखवावेत.

इंटरकूलरचे महत्त्व समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब पुरेसा आहे. कोल्हापुरातील उन्हाळ्याची ३५ अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरने दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे १३० अंशांपर्यंत तापते. ती ६० अंशांपर्यंत थंड केली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे २० टक्के अधिक हवा मावते, शिवाय नॉकिंगचा धोका कमी होतो तो वेगळाच. तुलना करताना इंटरकूलर आहे की नाही एवढेच लिहून थांबू नये. समोर बसवलेला, हवेने थंड होणारा मोठा इंटरकूलर असेल तर टर्बोपासून सिलिंडरपर्यंत लांब नळ्या असतात आणि त्या सर्व भरल्याशिवाय दाब चढत नाही. पाण्याने थंड होणारा लहान इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) बसवला तर ते अंतर फारच कमी होते.

पेट्रोलच्या दोन जोड्या

महिंद्राच्या १.२ लिटर इंजिनाची पोर्ट इंजेक्शनची आवृत्ती २०१९ च्या एक्सयूव्ही ३०० मध्ये ११० पीएस आणि २०० न्यूटन मीटर देत होती. थेट फवारणीची आवृत्ती २०२२ मध्ये १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर घेऊन आली. सरासरी परिणामी दाब २१ बारवरून सुमारे २४ बारवर गेला. थेट सिलिंडरमध्ये फवारलेले पेट्रोल तेथेच बाष्प होताना हवेतील उष्णता शोषून घेते, आतील मिश्रण थंड होते आणि नॉकिंगची सीमा दूर सरकते. मिळालेल्या या मोकळ्या जागेत बूस्ट वाढवता येतो. या लाभाची किंमतही नोंदवावी. इंधन आता इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नसल्याने त्यांच्यावर काजळी साठू शकते, कॅमशाफ्टवर उच्च दाबाचा पंप येतो, आणि धुरातील सूक्ष्म कणांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. इतक्या मोठ्या दाबाला कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या लहान इंजिनांत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा दोषही उद्भवू शकतो, आणि इंजिन ऑइलच्या एपीआय एसएन प्लस व एसपी या वर्गांत त्याचा विचार केलेला आहे. म्हणून तक्त्यात ऑइलच्या वर्गाची ओळही असावी. जुन्या इंजिनाला चालणारे ऑइल नव्याला चालेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

ईए १११ आणि ईए २११ या जोडीत बदल अधिक आहेत, त्यामुळे ती थोड्या सरावानंतर घ्यावी. १.२ लिटरच्या जुन्या इंजिनात दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते, १७५ न्यूटन मीटर टॉर्क होता आणि कॅमशाफ्ट साखळीवर होता. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांमधील ईए २११ कुटुंबातील १ लिटरच्या इंजिनात दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत, टॉर्क १७८ न्यूटन मीटर आहे आणि साखळीच्या जागी दातेरी पट्टा आला आहे. टॉर्क जवळपास तेवढाच, पण एक सिलिंडर कमी. सरासरी परिणामी दाब १८.४ वरून २२.४ बारवर गेला. साखळी ते पट्टा हा बदल पाहून काहींना नवल वाटते, कारण टोयोटाच्या वरील डिझेल जोडीत नेमका उलट, म्हणजे पट्ट्याकडून साखळीकडे, प्रवास झाला आहे. पट्टा हलका, शांत आणि कमी घर्षणाचा असतो. साखळीला ठरावीक अंतरावर बदलण्याची अट सहसा नसते, पण ताणयंत्र किंवा ऑइल खराब झाले तर ती ढिली पडते. दोन्हींपैकी एक निर्विवाद श्रेष्ठ असते, तर दोन मोठ्या कंपन्या विरुद्ध दिशांनी गेल्या नसत्या.

या जोडीतील सर्वांत मोठा बदल हेडमध्ये आहे. ईए २११ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतील धूर एकत्र करून बाहेर नेणारा भाग) हेडच्या ओतकामातच सामावलेला आहे आणि त्याच्याभोवती पाणी फिरते. त्यामुळे थंड इंजिन लवकर गरम होते, आणि जास्त भार असताना टर्बाइनकडे जाणारा धूर आधीच थंड झाल्याने तो थंड ठेवण्यासाठी अतिरिक्त पेट्रोल फवारण्याची गरज कमी होते. त्याच्या बदल्यात कूलंटवरील भार वाढतो, आणि हेडला भेग गेल्यास मॅनिफोल्ड वेगळा बदलण्याची सोय राहत नाही.

घाटातील मोजणी

शेवटी दोन्ही गाड्या प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात. गाडीच्या कॉम्प्युटरमधील आकडे वाचणारा ओबीडी रीडर आणि फोन एवढे साहित्य पुरते, मात्र आकडे टिपण्याचे काम चालकाने न करता शेजारी बसलेल्या माणसाने करावे. इनटेक मॅनिफोल्डमधील निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब, वातावरणाचा दाब, इनटेक हवेचे तापमान आणि फेऱ्या या चार गोष्टी नोंदवाव्यात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच असल्याने येथे वातावरणाचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो, तर किनाऱ्यालगत तो १०१ च्या आसपास असतो. मॅनिफोल्डचा आकडा २०० दाखवत असेल, तर येथे कॉम्प्रेसर हवेला २.१ पट दाबत असतो आणि कोकणात १.९८ पट, म्हणजे तोच दाब देण्यासाठी येथे टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते.

गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरताना आणि परत चढताना हा फरक एकाच प्रवासात तपासता येतो. केवळ स्प्रिंग आणि दाबाच्या नळीवर चालणारा जुना वेस्टगेट वातावरणाच्या तुलनेत ठरावीक दाब राखतो, त्यामुळे वर आल्यावर निरपेक्ष दाब तेवढ्या प्रमाणात घटतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनात कॉम्प्युटर सहसा निरपेक्ष दाबाचे लक्ष्य ठेवतो आणि टर्बोच्या वेगाला वाव असेपर्यंत तो खाली आणि वर सारखाच ठेवतो. जुन्या गाडीत ओबीडीची सोय नसेल, तर बूस्टच्या नळीला टी जोडून साधा दाबमापक लावावा आणि त्याच्या आकड्यात त्या ठिकाणचा वातावरणाचा दाब मिळवावा. मोजणीसाठी रहदारी नसलेला चढाचा सरळ तुकडा निवडावा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर स्थिर करावी, पेडल पूर्ण दाबावे आणि कमाल दाब येईपर्यंत किती वेळ आणि किती फेऱ्या लागल्या ते टिपावे. वळणावर किंवा धुक्यात हे करू नये. दोन्ही गाड्यांत माणसे सारखीच आणि इंधन एकाच पंपावरचे असावे, आणि ज्या गाडीचे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बाहेरून रिमॅप केलेले (त्यातील सेटिंग बदललेले) असेल ती या मोजणीतून वगळावी, कारण तिचे आकडे तिच्या पिढीचे राहिलेले नसतात.

पिढीच्या आतले बदल

तक्ता पूर्ण झाला तरी एक तपासणी उरते. एकाच कोडच्या इंजिनात उत्पादन सुरू असतानाच बदल केले जातात. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनात १९९२ च्या सुमारास फ्लायव्हील धरणाऱ्या क्रँकच्या बोल्टची संख्या सहावरून सात झाली, आणि आजही त्या इंजिनाचे भाग मागवताना तो पहिला प्रश्न असतो. भारतातील १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिनही १,२४८ सीसीच्या एकाच क्षमतेत साध्या टर्बोसह ७५ पीएस आणि बदलत्या भूमितीच्या टर्बोसह ९० पीएस अशा दोन रूपांत विकले गेले. म्हणून सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये पिस्टन, रिंगा, टर्बो, चेन टेन्शनर आणि हेड गॅस्केट यांचे पार्ट नंबर तपासावेत. जुना नंबर रद्द होऊन नवा आला असेल, तर दोन्ही नंबर आणि ज्या इंजिन क्रमांकापासून नवा भाग लागू झाला तो क्रमांक तक्त्यात त्या भागासमोर लिहावा, आणि आपण उघडलेले इंजिन त्या क्रमांकाच्या आधीचे की नंतरचे याची खूण करावी.